जिवंत, पण निश्चल: शुक्रजंतूच्या शेपटीतून उलगडलेला एक विकार

वीर्यतपासणीच्या अहवालात चलनशीलतेच्या रकान्यात शून्य आले की रुग्ण घाबरतो आणि शुक्रजंतू मेलेले आहेत असे गृहीत धरतो. पुष्कळदा ते खरे असते, पण नेहमीच नाही. न हलणारा शुक्रजंतू मेलेला आहे की जिवंत, हे ठरवण्याची जुनी आणि सोपी रीत म्हणजे थेंबभर वीर्यात इओसिन हा तांबडा रंग मिसळून पाहणे. मेलेल्या पेशीचे पटल सच्छिद्र झालेले असते, त्यामुळे रंग आत शिरतो आणि डोके गुलाबी दिसते. जिवंत पेशी रंगाला दाराबाहेर ठेवते आणि पांढरीच राहते. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात स्टॉकहोममध्ये वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या काही पुरुषांच्या शुक्रजंतूंनी नेमका हाच पेच उभा केला: ते तयार होत होते, जिवंत होते आणि तरीही जागचे हलत नव्हते. या थोड्या पुरुषांच्या तपासणीतून जे बाहेर आले त्याने श्वसनमार्गाचा एक जुना विकार, हृदय उजवीकडे असण्याची एक विचित्र विकृती आणि शुक्रजंतूच्या शेपटीतील एक प्रथिन या तीन गोष्टी एका सूत्रात ओवल्या. प्रस्तुत प्रकरण अभ्यास त्या सूत्राचा, आणि ते सूत्र पुढे कुठे तोकडे पडले त्याचाही आहे.

निश्चल पण जिवंत शुक्रजंतू दिसल्यावर डॉक्टरासमोर काही शक्यता असतात. शेपटीला ऊर्जा मिळत नसेल. वीर्यातील प्रतिपिंडे शुक्रजंतूंना चिकटून त्यांचे गठ्ठे बांधत असतील. शेपट्या आखूड, वेड्यावाकड्या किंवा गुंडाळलेल्या असतील. साध्या सूक्ष्मदर्शीखाली यांतील काही शक्यता लगेच बाद करता येतात. शेपटी पूर्ण लांबीची, नीट घडलेली आणि तरीही काडीसारखी ताठ असेल, तर दोष तिच्या आत शोधावा लागतो, आणि आत शोधायचे म्हणजे काय शोधायचे हे कळण्यासाठी शेपटीची रचना जवळून पाहावी लागते.

शेपटीच्या आत

मानवी शुक्रजंतूची एकूण लांबी सुमारे ५५ ते ६० मायक्रोमीटर असते, आणि त्यातले पाचेक मायक्रोमीटरचे डोके सोडले तर बाकी सगळी शेपटीच. मानेला लागून असलेल्या भागात ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात; पुढच्या लांब भागात दाट तंतूंचे आणि आवरणाचे बळकट अस्तर असते. ही सगळी वेष्टने काढली की उरतो तो गाभा, ज्याला अ‍ॅक्सोनीम म्हणतात. या गाभ्याचा आडवा छेद घेतला तर मधोमध दोन सुट्या सूक्ष्मनलिका आणि त्यांच्याभोवती वर्तुळात नऊ नलिकाजोड्या दिसतात. प्रत्येक जोडीतील एक नलिका पूर्ण गोल असते आणि दुसरी तिला अर्धचंद्रासारखी चिकटलेली असते. बाहेरच्या जोड्यांपासून मध्याकडे बैलगाडीच्या चाकासारखे आरे निघतात, आणि शेजारच्या जोड्या नेक्झिन नावाच्या दुव्यांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. ‘नऊ अधिक दोन’ ही मांडणी शुक्रजंतूपुरती नाही. आपल्या श्वासनलिकेतील पक्ष्माभिकांत, म्हणजे पेशीवरच्या केसासारख्या हलणाऱ्या धाग्यांत, शेवाळांच्या कशाभिकांत, म्हणजे चाबकासारख्या लांब शेपट्यांत, नेच्यांच्या पुंयुग्मकांत (नर पेशींत) आणि डबक्यातल्या पॅरामिशियममध्येही हीच मांडणी सापडते.

या चित्रातला एक तपशील प्रस्तुत प्रकरणात कळीचा ठरला. स्टॉकहोमचे जीवशास्त्रज्ञ ब्यॉर्न आफ्सेलियस यांनी १९५९ साली सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या शुक्रजंतूंवर नवे स्थिरक वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली छेद पाहिले, तेव्हा प्रत्येक नलिकाजोडीच्या पूर्ण नलिकेवर दोन छोट्या भुजा, एक बाहेरच्या आणि एक आतल्या बाजूला, शेजारच्या जोडीच्या दिशेने पुढे आलेल्या त्यांना दिसल्या. शेपटीच्या बुडाकडून टोकाकडे पाहिले तर सगळ्या भुजा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेल्या असतात, जणू फेर धरलेल्या नऊ जणींनी एकीने दुसरीकडे हात पुढे केले आहेत. या भुजा काय करतात, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या इयन गिबन्स यांनी दिले. टेट्राहायमिना या एकपेशीय प्राण्याच्या पक्ष्माभिका त्यांनी वेगळ्या काढल्या, त्यांचे पटल विरघळवले आणि मग अशा द्रावणात ठेवल्या की भुजा तेवढ्या गळून याव्यात. भुजा गळाल्याबरोबर एटीपी हे ऊर्जाद्रव्य फोडण्याची क्षमताही द्रावणात उतरली, आणि ते द्रावण परत मिसळल्यावर छेदात भुजा पुन्हा दिसू लागल्या. १९६५ साली या प्रथिनाला डायनीन हे नाव मिळाले. शाळेत बलाचे एकक म्हणून आपण ‘डाईन’ शिकतो, त्याच मुळापासून ते घडवले आहे. पुढे १९७१ साली गिबन्स आणि कीथ समर्स यांनी केलेला प्रयोग तर इतका देखणा आहे की तो सांगण्याचा मोह आवरत नाही. सी-अर्चिनच्या शुक्रजंतूंच्या शेपट्यांचे तुकडे त्यांनी ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या द्रव्याने किंचित पचवले, म्हणजे आरे आणि नेक्झिनचे दुवे तुटले पण नलिका आणि भुजा शाबूत राहिल्या. मग एटीपीचा थेंब सोडला. तुकडे वाकले नाहीत. दुर्बिणीच्या नळ्या एकीतून एक बाहेर ओढाव्यात तशा नलिकाजोड्या एकमेकींवरून सरकत बाहेर आल्या आणि मूळ तुकडा कित्येक पट लांब झाला.

यातून चित्र स्पष्ट झाले. डायनीनची भुजा आपल्या नलिकेवर घट्ट रोवलेली असते आणि तिचे पुढे आलेले टोक शेजारच्या नलिकेला धरते, ओढते, सोडते आणि पुन्हा धरते. बंधने नसतील तर त्यातून निव्वळ सरकणे होते. बंधने असतील तर सरकण्याचे वाकणे होते. दोनशे पानी वही शिवणीकडून घट्ट धरून वाकवली की मोकळ्या कडेला पाने एकमेकांवरून सरकलेली दिसतात. शेपटीत हेच उलट्या क्रमाने घडते, पाने सरकवली जातात म्हणून वही वाकते. एका बाजूच्या भुजा काम करत असताना समोरच्या बाजूच्या भुजांनी विश्रांती घ्यावी लागते, नाहीतर दोन्हींकडची ओढ एकमेकींना निष्प्रभ करील. ही आलटापालट सेकंदाला दहा ते वीस वेळा होते आणि लाट बुडापासून टोकाकडे पळते. भुजा एका ओळीत २४ नॅनोमीटर अंतरावर असतात. पन्नास मायक्रोमीटरच्या शेपटीत नऊ जोड्यांवर मिळून केवळ बाहेरच्या ओळीतल्या भुजाच ढोबळ हिशेबाने अठरा हजारांच्या घरात जातात.

येथे मराठी नावाबद्दल एक शब्द. ‘कशा’ म्हणजे चाबूक, आणि कशाभिका हे नाव दिसण्यापुरते ठीक आहे. पण चाबकाचे बळ मुठीत असते, दोरीत नसते. या शेपटीला तसे चालणार नव्हते. शुक्रजंतूच्या आकारमानाला पाणी आपल्याला मध असावा तसे चिकट भासते, जडत्वाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, आणि बुडाशी दिलेला झटका थोड्याच अंतरावर विरून गेला असता. लाट टोकापर्यंत त्याच जोमाने जाते याचाच अर्थ बळ देणारी यंत्रे शेपटीच्या पूर्ण लांबीवर पसरलेली असली पाहिजेत, असे गणित मॅशिन यांनी १९५८ सालीच मांडले होते, भुजांचे चित्र प्रसिद्ध होण्याच्या एक वर्ष आधी.

छेदात काय दिसले

आता मूळ पेचाकडे. कॅरोलिन्स्का संस्थेत पुरुषांच्या वंध्यत्वावर काम करणारे रूने एलियासन आणि त्यांचे सहकारी यांच्या सहभागाने आफ्सेलियस यांनी त्या निश्चल शुक्रजंतूंचे छेद पाहिले. डोके नीट होते. तंतुकणिकांचे मळसूत्र जागच्या जागी होते. नऊ नलिकाजोड्या होत्या, मध्यवर्ती जोडीही होती. ज्या ठिकाणी भुजा असायला हव्यात तेथे मात्र नलिकेची कड गुळगुळीत होती. १९७५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी डेन्मार्कमधून पेडरसन आणि रेब्बे यांनीही निश्चल मानवी शुक्रजंतूंमध्ये भुजा नसल्याचे स्वतंत्रपणे नोंदवले.

या निरीक्षणाचे मोल दुहेरी होते. वैद्यकाला निदान मिळाले, आणि जीवशास्त्राला जे सी-अर्चिनवर व टेट्राहायमिनावर द्रावणे मिसळून दाखवावे लागले होते ते माणसात निसर्गानेच करून ठेवलेले मिळाले. शेपटीचे बाकी सगळे सामान हजर आहे, इंधन आहे, फक्त भुजा नाहीत आणि हालचाल नाही. शेपटी ताठ असण्यालाही अर्थ आहे. धावत्या शुक्रजंतूचा एटीपी अचानक काढून घेतला तर भुजा शेजारच्या नलिकेला घट्ट पकडून बसतात आणि शेपटी होती त्या वळणात गोठते, हे गिबन्स दांपत्याने १९७४ साली दाखवले होते. भुजाच नसलेली शेपटी गोठत नाही, कारण ती मुळात वाकतच नाही.

माझ्या मते या प्रकरणातला योगायोग इथेच दडला आहे. छेदात जे नाही ते दिसणे फार अवघड असते. असलेली वस्तू डोळ्यांत भरते, नसलेली वस्तू तिची सवय असलेल्यालाच खटकते. ते छेद पाहणारा माणूस सोळा वर्षांपूर्वी त्याच भुजांचे वर्णन करणारा नसता, तर अस्पष्ट छेद म्हणून ते बाजूला पडण्याची शक्यता मोठी होती. कारण भुजा एवढ्या लहान असतात की स्थिरीकरण थोडे बिघडले तरी निरोगी शेपटीतही त्या धूसर होतात. आजही केवळ आतील ओळीच्या भुजा नाहीत असा अहवाल आला तर जाणकार तो एकदम मान्य करत नाहीत, पुन्हा नमुना मागवतात.

छातीतील खरखर

निश्चल शुक्रजंतूंची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषांचा पूर्वेतिहास विचारला तेव्हा दुसरा धागा हाती लागला. त्यांना लहानपणापासून खोकला होता, वारंवार ब्राँकायटिस आणि सायनसचा दाह होत होता. वंध्यत्वाच्या डॉक्टरला खोकल्याशी कर्तव्य नसते आणि छातीच्या डॉक्टरला वीर्याशी, त्यामुळे या दोन तक्रारी एकाच कागदावर सहसा येत नाहीत.

श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर प्रत्येकी सुमारे दोनशे पक्ष्माभिका असतात, सहा-सात मायक्रोमीटर लांबीच्या. त्या एका तालात, शेत वाऱ्याने लवावे तशा, घशाच्या दिशेने फटकारे मारतात आणि वर तरंगणारा श्लेष्म्याचा थर धूळ व जंतूंसह वर ढकलतात. त्यांचा गाभाही नऊ अधिक दोन मांडणीचा आणि त्यांच्याही भुजा डायनीनच्या. तेव्हा शेपटीत भुजा नसतील तर येथेही नसाव्यात, हा तर्क सरळ होता, पण तो तपासणे आवश्यक होते. फुप्फुसांतून कण बाहेर पडण्याचा वेग मोजण्याची सोय स्टॉकहोममध्ये पेर कॅम्नर यांच्याकडे होती: किरणोत्सारी खूण केलेले सूक्ष्म कण हुंगायला द्यायचे आणि छातीवर मोजणीयंत्र लावून ते किती वेळात वर सरकतात ते पाहायचे. निरोगी माणसात मोठ्या श्वासनलिकांतील कण काही तासांत साफ होतात. आफ्सेलियस यांनी १९७६ साली चार पुरुषांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांतील वारंवार ब्राँकायटिस व सायनसायटिस होणाऱ्या तिघांमध्ये पक्ष्माभिकांच्या बळावर होणारी वाहतूक आढळलीच नाही, आणि छेद पाहिले तेव्हा पक्ष्माभिकांवरही भुजा नव्हत्या.

अशी माणसे जगतात ती खोकल्याच्या जोरावर. श्लेष्मा वर चढवण्याचे जे काम झोपेतही बिनबोभाट चालावे ते त्यांना जागेपणी, धक्क्याने करावे लागते. साचलेल्या श्लेष्म्यात जंतू वाढतात, वर्षानुवर्षांच्या दाहाने श्वासनलिका सैल व रुंद होतात, आणि मग तो विस्फार कायमचा राहतो. आपल्याकडे असा रुग्ण बहुधा आधी क्षयाच्या संशयाने तपासला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण थुंकीत क्षयाचे जंतू पुन:पुन्हा सापडत नसतील, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच श्वासाचा त्रास झाल्याची आठवण आई सांगत असेल आणि नाक बारा महिने वाहत असेल, तर विचार वेगळ्या दिशेला वळवायला हवा.

हृदय उजवीकडे

तिसरा धागा सर्वांत जुना होता. झुरिक येथील डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली चार रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांना सायनसचा दाह, श्वासनलिका-विस्फार आणि अवयवांची उलटी मांडणी या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. अशा माणसाचे हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे असते. क्ष-किरण फिल्म पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटते की ती पाटीवर उलटीच लावली गेली. त्याआधी १९०४ साली कीव्हमधील झीवर्ट यांनीही असा एक रुग्ण नोंदवला होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही त्रयी पाठ्यपुस्तकांत नुसती नावाने टिकून राहिली. खोकल्याचा आणि हृदयाच्या बाजूचा संबंध काय, हे सांगणारे कोणी नव्हते.

आफ्सेलियस यांनी येथे जी उडी मारली ती पुराव्याच्या पुढची होती. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात कुठल्यातरी पक्ष्माभिका ठरलेल्या दिशेने हलत असाव्यात आणि त्या हालचालीवरून डावे-उजवे ठरत असावे. त्या हलल्याच नाहीत तर बाजू निव्वळ दैवावर ठरेल, म्हणजे निम्म्या रुग्णांत हृदय डावीकडे आणि निम्म्यांत उजवीकडे जाईल, असे त्यांनी सुचवले. यातली निम्म्याची गोष्ट महत्त्वाची. विकारामुळे हृदय उजवीकडे जाते असे नसून बाजू ठरवणारी सूचनाच मिळत नाही, आणि म्हणून त्याच भुजाहीन पक्ष्माभिकांचे दोन सख्खे भाऊ एक सरळ व एक उलट असे जन्मू शकतात.

गर्भात अशा हलणाऱ्या पक्ष्माभिका तेव्हा कोणी पाहिलेल्या नव्हत्या. त्या दिसायला बावीस वर्षे लागली. १९९८ साली टोकियोमध्ये नोनाका, हिरोकावा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातील ‘नोड’ या इवल्या खळग्यात प्रत्येक पेशीवर एकेक पक्ष्माभिका गरगर फिरताना पाहिली, आणि त्या फिरण्याने द्रव डावीकडे वाहतो हे त्यात तरंगणाऱ्या कणांवरून दाखवले. या पक्ष्माभिकांत मध्यवर्ती जोडी नसते आणि त्या फटकारत नाहीत, फिरतात. मागे झुकलेल्या असल्यामुळे त्यांचे फिरणे एकाच बाजूला द्रव ढकलते. ज्या उंदरांत केआयएफ-३बी हे वाहक प्रथिन नव्हते त्यांच्यात या पक्ष्माभिका उभ्याच राहिल्या नाहीत आणि अवयवांची बाजू दैवावर गेली. २००२ साली तर गर्भावर यंत्राने उलट दिशेचा प्रवाह सोडून निरोगी उंदराची बाजू उलटवून दाखवण्यात आली.

केआयएफ-३बीचा उल्लेख झाला म्हणून बांधणीबद्दल थोडे. कशाभिका बुडाशी नव्हे, टोकाशी वाढते. नवे नलिकाप्रथिन, आऱ्यांचे भाग, भुजा हे सगळे सामान पेशीच्या अंगात तयार होते आणि पटल व नलिकाजोड्या यांच्यामधल्या अरुंद बोळातून वाहक प्रथिनांच्या पाठीवर लादून टोकापर्यंत नेले जाते. क्लॅमिडोमोनस या हिरव्या एकपेशीय शेवाळात १९९३ साली ही ये-जा प्रत्यक्ष दिसली. या शेवाळाच्या दोन्ही कशाभिका तोडल्या तर सुमारे दोन तासांत त्या पुन्हा पूर्ण लांबीच्या होतात. भुजांची जुळणी मात्र टोकाशी होत नाही. त्या पेशीद्रवातच जोडून, तयार करून पाठवल्या जातात, आणि त्या जोडणीसाठी वेगळी मदतनीस प्रथिने लागतात. २००८ साली मेदाका माशाच्या आणि शेवाळाच्या अभ्यासातून असे एक मदतनीस सापडले आणि तोच दोष माणसांतही आढळला. ज्या रुग्णांत बाहेरच्या व आतल्या दोन्ही ओळी एकदम नाहीशा असतात त्यांचे कोडे यातून सुटते: भुजा बनवणारी जनुके ठीक असतात, जुळारी गैरहजर असतो.

जिथे सूत्र तोकडे पडले

१९७६च्या मांडणीचे सौंदर्य तिच्या साधेपणात होते: एक भुजा, तीन परिणाम. पण तेच तिचे न्यूनही ठरले. या विकाराला प्रथम ‘निश्चल पक्ष्माभिका विकार’ म्हणत. पुढे असे रुग्ण आढळले ज्यांच्या पक्ष्माभिका हलत होत्या पण वेड्यावाकड्या, तालाविना किंवा जागच्या जागी थरथरत, म्हणून नाव बदलून प्राथमिक पक्ष्माभिका-दुष्क्रिया असे करावे लागले. काहींच्या छेदात भुजा व्यवस्थित होत्या आणि तरी विकार होता. सुमारे तीन दशांश रुग्णांत छेद सामान्यच दिसतो. काहींत आरे किंवा मध्यवर्ती जोडी सदोष होती, आणि अशांचे हृदय नेहमी डावीकडेच असते. नोडच्या पक्ष्माभिकांत मध्यवर्ती जोडी नसतेच, हे लक्षात घेतले की त्यामागचे कारण कळते.

सर्वांत मोठा अपवाद शेपटीचाच निघाला. भुजेचा मुख्य घटक म्हणजे सुमारे साडेचार हजार अमिनो आम्लांची अवजड साखळी, आणि तिची मानवात अनेक जनुके आहेत. श्वासनलिकेत बाहेरच्या भुजेसाठी डीएनएएच-५ आणि तिच्यासोबत डीएनएएच-११ किंवा डीएनएएच-९ वापरली जाते. शुक्रजंतूच्या शेपटीत त्यांच्या जागी डीएनएएच-८ आणि डीएनएएच-१७ या बहिणी असतात. म्हणून डीएनएएच-५मधील दोषामुळे आयुष्यभर खोकणाऱ्या पुरुषाचे शुक्रजंतू पोहू शकतात, आणि डीएनएएच-१७मधील दोष असलेला पुरुष छातीने ठणठणीत असून वंध्य असू शकतो. मात्र भुजेचे जे घटक किंवा जे मदतनीस दोन्हीकडे सामाईक आहेत, त्यांतला दोष दोन्हीकडे बाधतो. स्टॉकहोमचे रुग्ण शुक्रजंतूंच्या तक्रारीवरून निवडले गेले होते, त्यामुळे त्यांच्यात दोन्ही दोष एकत्र दिसणे ओघानेच आले. छातीच्या दवाखान्यातून सुरुवात झाली असती तर वंध्यत्व हे लक्षण इतक्या ठामपणे यादीत गेले नसते. आजही ‘या विकारात पुरुष वंध्य असतोच’ असे तरुण रुग्णाला सरसकट सांगितले जाते, ते चूक आहे. वीर्य तपासल्याशिवाय आणि जमल्यास जनुक पाहिल्याशिवाय ते वाक्य उच्चारू नये.

जनुकांचा शोधही शेवाळाच्या वाटेनेच लागला. क्लॅमिडोमोनसचे लुळ्या कशाभिकांचे कितीतरी उत्परिवर्ती प्रकार प्रयोगशाळांत जपलेले आहेत. त्यांतील एकात बिघडलेल्या जनुकाचे मानवी भावंड शोधून फ्रान्समधील गटाने १९९९ साली डीएनएआय-१ हे या विकाराचे पहिले जनुक दाखवले. आज अशी पन्नासहून अधिक जनुके माहीत आहेत. बहुतेक दोष अप्रभावी असतात, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला धोका चारात एक असतो. जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे तो विकार अधिक दिसतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत असलेल्या आपल्या काही समाजांनाही ही गोष्ट लागू आहे.

एक विसंगती नोंदवावीशी वाटते. या रुग्णांच्या फुप्फुसांत, विशेषतः प्रौढ वयात, स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू ठाण मांडतो, आणि त्याला स्वतःची उत्तम चालणारी कशाभिका असते. नाव तेच, वस्तू सर्वस्वी निराळी. जीवाणूच्या कशाभिकेत नलिका नाहीत, भुजा नाहीत, डायनीन नाही. फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचा तो सुमारे २० नॅनोमीटर जाडीचा, मळसूत्री वळणाचा पोकळ दांडा असतो. नवे प्रथिन त्या पोकळीतून टोकाशी जाऊन बसते आणि दांडा वाढतो. तो वाकत नाही, फिरतो. पेशीच्या कवचात बसवलेली मोटर त्याला फिरवते आणि ती एटीपीवर नाही, पटलापलीकडून आत येणाऱ्या प्रोटॉनांच्या ओघावर चालते. हे फिरणे इतके अविश्वसनीय वाटत होते की १९७४ साली सिल्व्हरमन आणि सायमन यांनी जीवाणूची कशाभिका काचेला चिकटवली आणि मग अख्खा जीवाणूच भिंगरीसारखा फिरताना दिसला, तेव्हा कुठे शंका फिटली. स्टॉकहोमचे छेद त्यानंतर वर्षभरातच प्रसिद्ध झाले. श्लेष्मा वाहून नेणारी यजमानाची लाखो अवजारे ठप्प आणि पाहुण्याचे एकच अवजार सुरू, अशी या छातीतली स्थिती असते.

रुग्णापुढे आज काय

निदानासाठी आज नाकातून मुलायम ब्रशने पेशी घेतात, वेगवान कॅमेऱ्याने फटकारे पाहतात, छेद घेतात, जनुके तपासतात. नाकातील नायट्रिक ऑक्साइड या रुग्णांत बहुधा फार कमी असते, म्हणून ते मोजणे ही चांगली चाळणी ठरली आहे. ते कमी का असते याचा पूर्ण उलगडा मात्र भुजांच्या गोष्टीतून होत नाही. उपचार भुजा परत देत नाहीत. रोजचा श्वसन-व्यायाम, कफ सुटा करणे आणि संसर्गावर वेळीच प्रतिजैविके, यांवर भर असतो.

अपत्यासाठी वाट १९९२ नंतर मोकळी झाली. ब्रुसेल्समध्ये पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी एकच शुक्रजंतू सुईने थेट अंड्यात सोडून झालेल्या गर्भधारणांची नोंद केली, आणि शुक्रजंतूने पोहावे ही अटच त्या पद्धतीत उरली नाही. पण स्टॉकहोमचा पहिला प्रश्न प्रयोगशाळेच्या टेबलावर पुन्हा उभा राहिला: सगळेच निश्चल असताना जिवंत कोणता, हे कसे ओळखायचे? इओसिन येथे चालत नाही, कारण रंगात बुडवलेला शुक्रजंतू अंड्यात घालत नाहीत. म्हणून त्यांना थोड्या वेळासाठी पातळ, कमी क्षारांच्या द्रावणात ठेवतात. मेलेल्याच्या फाटक्या पटलाला त्याचे काही वाटत नाही. जिवंताच्या अभंग पटलातून पाणी आत शिरते, पटल फुगते, आणि त्या ताणाने आतली ताठ शेपटी हळूहळू टोकाकडून गुंडाळत जाते. भिंगातून पाहणारी तंत्रज्ञ ती गुंडाळी दिसताच सुईचे टोक पुढे सरकवते आणि तेवढा एक शुक्रजंतू उचलून घेते.